सात नंबरचा आकडा

६ ऑगस्ट

प्रिय टिटवी,

तुझे फोन मी उचलत नाही, याचा राग आला असेल. येऊ दे. पण तुझा आवाज थेट ह्यांच्यासारखा आहे गं. ‘हॅलो’ म्हणून तू जरा थांबतेस ना, तेसुद्धा अगदी तसंच. हे गेल्याला दहा महिने झाले, अजून मला ते ऐकवत नाही. आणि मोबाईलवर टिचक्या मारत लिहायचं, तर माझं एक वाक्य होईस्तोवर चहा गार होतो. म्हणून आपलं हे कागद-पेन.

बातमी अशी की ह्यांच्या जागेवर मला घेतलं. एक तारखेपासून मी डोंगराच्या केंद्रात कामाला जाते. तू कधी इकडे आली नाहीस म्हणून सांगते. दोन खोल्या आणि छपरावर एक भोंगा, एवढंच ते केंद्र. मागे डोंगराचा उतार. त्या उतारात बारा बोअर मारलेत, प्रत्येकात एक लांब सळई सोडलेली. डोंगर हलला की सळई कलते. किती मिलिमीटर कलली, तो आकडा वायरमधून आमच्याकडे येतो. कुठलाही आकडा पाचाच्या वर गेला की भोंगा वाजतो. पायथ्याशी शाळा आहे, आपल्या लेकीची. शाळेपुढून रस्ता. गेल्या वर्षी तो रुंद केला, तेव्हा डोंगराचा पायथा थोडा कापला.

पुढच्या खोलीत साहेब बसतात. त्यांच्याकडे विंडोजचा कॉम्प्युटर, त्यावर छान हिरवा आलेख. मागच्या खोलीत मी आणि ते दुसरं मशीन. सगळे आकडे आधी त्यात येतात.

वकिलाच्या ऑफिसात मी चौदा वर्षं टायपिंग केलंय, टिटवी. कॉम्प्युटरला मी भीत नाही. पण हे चालू केलं आणि समोर काळाकुट्ट पडदा. कोपऱ्यात ह्यांचं नाव, पुढे डॉलरचं चिन्ह आणि एक चौकोन लुकलुकतोय. माउस हलवला, काही हलेना. ‘माय कॉम्प्युटर’ नाही, सी ड्राइव्ह नाही, स्टार्टचं बटण नाही. वायरमन म्हणाला, “ताई, लिनक्स आहे ते. रोज सकाळी aaj असं टाईप करा, एन्टर दाबा, बारा आकडे येतील, ते वहीत उतरवा. बाकी कशाला हात लावू नका. मीपण माझ्या खात्यातून तेवढंच करायचो. चावतं ते.”

माझं खातं मंजूर व्हायला वेळ लागेल, तोवर ह्यांचंच वापरा, असं साहेब म्हणाले. पासवर्ड लेकीची जन्मतारीख निघाली. टाकताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. मला वाटलं कीबोर्ड मेला.

मला नुसते आकडे उतरवत बसायचं नाही. हे दिवसभर त्या पडद्याशी काय बोलायचे, ते मला शिकव.

तुझी वहिनी


१२ ऑगस्ट

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. रागबिग काही नाही. मला माझा स्वतःचा आवाज हल्ली आवडत नाही, तिथे तुला काय बोलू?

पहिली गोष्ट, ते चावत नाही. विंडोजमध्ये आपण दुकानात गेल्यासारखं बोटानं दाखवतो, हे द्या, ते द्या. इथे नाव घेऊन मागायचं. नाव चुकलं तर ते ‘असं काही नाही’ म्हणतं आणि गप्प बसतं. आणि काम झालं तरी गप्पच बसतं. शाबासकीची सवय सोड. काही न बोलता पुढची ओळ आली म्हणजे झालं.

pwd म्हण, तू कुठे उभी आहेस ते सांगेल. ls म्हण, तिथे काय काय आहे ते दाखवेल. cd आणि फोल्डरचं नाव, म्हणजे त्यात शिर. cd, एक मोकळी जागा आणि दोन टिंबं, म्हणजे एक पायरी बाहेर. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह नसतं. सगळं एकाच मुळातून फुटतं, आणि त्या मुळाचं नाव नुसती तिरकी रेघ. फाईल वाचायची तर cat. मोठी असेल तर less, आणि बाहेर यायला q. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात, तेवढं सांभाळ.

कधीकधी ओळीच्या सुरुवातीला # दिसेल. त्यापुढचं मशीन वाचत नाही. ते माणसानं माणसासाठी लिहिलेलं असतं.

आणि एक घोकून ठेव. rm म्हटलं की फाईल पुसली. इथे कचऱ्याचा डबा नाही. विंडोजसारखं मागाहून हात घालून काढता येत नाही. गेलं ते गेलं.

जमेल तुला. फक्त जे चालू आहे ते तसंच चालू दे. दादानं विचार करून सगळं बसवलं होतं. नवीन शीक, जुनं उकरत बसू नकोस. उगाच त्रास होईल.

टिटवी


१९ ऑगस्ट

प्रिय टिटवी,

मला येतं! परवा दिवसभर मी ls ऐवजी मोठ्या अक्षरात LS मारत होते आणि ते मेलं ‘असं काही नाही, असं काही नाही’ म्हणत होतं. शेवटी मीच ओरडले, “आहे!” वायरमन दारातून डोकावून गेला. आता मात्र मी त्या मशीनमध्ये घरासारखी हिंडते. वायरमनला दोन गोष्टी शिकवल्या, तर तो म्हणाला, “ताई, साहेबांपेक्षा तुम्हीच बऱ्या.”

वर जाणाऱ्या बाणाचं बटण तू सांगितलं नव्हतंस. ते चुकून दाबलं गेलं. आणि टिटवी, पडद्यावर ह्यांनी टाईप केलेली ओळ आली. पुन्हा दाबलं, त्याच्या आधीची. माझ्या आज्ञा संपल्या की मागे सगळ्या ह्यांच्याच. मी डबा उघडलासुद्धा नाही, बाण दाबत बसले. शेवटच्या दिवशी ह्यांनी एकच आज्ञा दिली होती, सलग एकोणीस वेळा. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बघतात ना, तसं. tail kacche. म्हणजे कच्चे नावाच्या फाईलचं शेपूट दाखव.

म्हणून मी कच्चे उघडली. तिच्याशेजारी पक्के नावाची फाईल आहे. कच्चेमध्ये बोअरमधून आलेले आकडे जसेच्या तसे पडतात. aaj म्हटल्यावर जे दिसतं, साहेबांचा आलेख ज्यावर चालतो, भोंगा ज्यावर वाजतो, ते सगळं पक्केमधून येतं. अकरा बोअरचे आकडे दोन्हींत सारखे आहेत. सातचा नाही. पक्केमध्ये सात नंबर रोज चार. चार पॉइंट शून्य. काल, परवा, मी वहीत उतरवले त्या प्रत्येक दिवशी. मागची वही बघितली, हिवाळ्यातही चार. डोंगर एवढा शिस्तीचा असतो का गं? आणि कच्चेमध्ये सात नंबर सव्वीस आहे.

मला साहेबांचं काही कळत नाही. गोड बोलतात, पण मागच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. आकडे कोणी बदलत असेल तर कोण बदलेल? मी आणि वायरमन सोडून तिथे तेवढेच आहेत.

लेक मजेत आहे. म्हणते, हल्ली वर्गात बाकावर खडू ठेवला की आपोआप घरंगळतो.

तुझी वहिनी


२४ ऑगस्ट

वहिनी,

एवढं घाबरायचं कारण नाही. बारा यंत्रांत एखादं बिघडतंच. सात नंबरची वायर ओली होते आणि आकडा फुगतो. बिघडलेल्या यंत्रामुळे रोज भोंगा वाजू नये म्हणून त्याला मर्यादा घालतात. सगळीकडे घालतात.

साहेबांकडे इतक्यात काही बोलू नकोस. नवीन नोकरी आहे तुझी, उगाच वाईटपणा कशाला.

त्यापेक्षा grep शीक. grep, शब्द आणि फाईलचं नाव. हजारो ओळींतून तो शब्द असलेल्या तेवढ्याच काढून देतं, तांदळातले खडे वेचल्यासारख्या. ls च्या पुढे -l लावलंस तर प्रत्येक फाईल कोणाच्या मालकीची आणि कधी बदलली तेही दिसतं. आणि tail च्या पुढे -f लावलंस तर फाईलमध्ये नवीन ओळ पडेल तशी समोर दिसत राहते.

लेकीला माझ्याकडे पाठव ना थोडे दिवस. शाळा बुडली तर बुडू दे. खरंच पाठव.

टिटवी


१ सप्टेंबर

टिटवी,

सात नंबरची वायर ओली होते, हे तुला कोणी सांगितलं? माझं पत्र मी आठवून आठवून बघितलं. वायरचा शब्दही त्यात नव्हता.

वायरमनला घेऊन मी स्वतः वर गेले. पाय घसरून हे गेले त्या जागेच्याही पलीकडे, दोराला धरून. सात नंबरचं झाकण उघडलं. वायर कोरडी ठणठणीत. तरी त्यानं नवीन टाकली. खाली येऊन बघितलं तर आकडा तोच, एकतीस. आता grep नं मी एकेका बोअरचे महिन्याभराचे आकडे काढले. आठ नंबर दोनवर होता तो साडेतीनवर आलाय. नऊसुद्धा सरकतोय. सगळी यंत्रं एकदम कशी बिघडतील?

मग मात्र मी साहेबांकडे गेले. त्यांनी आलेखाकडे बोट दाखवलं. “बाई, हिरवं आहे ना?”

मी म्हटलं, “साहेब, हिरवं आहे ते पक्केमुळे. कच्चे बघा.”

“मला त्या काळ्या पडद्यातलं कळत नाही हो. तुमचे मिस्टर बघायचे ते.” आणि मग म्हणाले, “गेल्या वर्षी रोज भोंगा वाजायचा, आठवतं? लोक दगड मारायचे केंद्रावर. शाळा दोनदा सोडली, काही झालं नाही. नंतर तुमच्या मिस्टरांनी दुरुस्त केलं आणि शांत झालं.”

दुरुस्त केलं म्हणे. हा माणूस मेलेल्यावर ढकलतोय, टिटवी.

शाळेचं फाटक आता लागत नाही. कडी आणि कोयंडा बोटभर सरकलेत. शाळेच्या शिपायानं दोरीनं बांधून ठेवलंय. डोंगरातून झरा येतो ना, त्याचं पाणी चार दिवस गढूळ आहे, पाऊस नसताना.

वहिनी


२ सप्टेंबर

टिटवी,

कालचं पत्र टाकलं आणि आज हे लिहितेय.

सकाळी ls -l केलं. एक फाईल आहे, नाव गाळणी. मालक म्हणून ह्यांचं नाव. तारीख गेल्या वर्षीची, १७ सप्टेंबर. ती दर दहा मिनिटांनी आपोआप चालते. cat करून वाचली. कळायला फार हुशारी लागत नाही. सात नंबर चारपेक्षा मोठा असेल तर चार लिही. बस.

म्हणजे साहेब खरं बोलत होते. ह्यांनीच केलं. ज्या माणसानं आयुष्यभर, वाण्यानं चुकून जास्त सामान दिलं तरी परत जाऊन सांगितलं, त्यानं.

हे वाचून मी उठलेच असते. पण पहिल्या ओळीवर # होतं. मशीन वाचत नाही ते, माणसासाठी असतं, असं तूच शिकवलंस. तिथे लिहिलंय:

# टिटवी म्हणाली तसं. तात्पुरतं.

मला बाकी काही विचारायचं नाही. हे बंद कसं करायचं, तेवढं लिही. ती फाईल पुसली तर सगळंच बंद पडेल का, मला माहीत नाही, आणि इथे गेलं ते गेलं असं तू म्हणालीस.

लेकीला आजपासून घरी ठेवलंय. बाकी दोनशे चौदा पोरं त्या वर्गांत बसतात आणि मी माझी एक घरी ठेवली. हेही लिहून ठेवते.


६ सप्टेंबर

वहिनी,

तुझी दोन्ही पत्रं आज एकदम आली. सकाळपासून अकरा वेळा फोन केला. तू नंबर बंद करून ठेवला आहेस. केंद्राचा फोन कोणी उचलत नाही. हे कुरियरनं पाठवतेय. आधी काय करायचं ते, मग बाकीचं.

cp gaalni gaalni.purava असं टाईप कर. तिची प्रत राहील. पुसू नकोस काहीही. मग crontab -e. दर दहा मिनिटांनी काय चालवायचं त्याची यादी उघडेल. त्यात गाळणीची ओळ शोध, बाणांनी तिच्या पहिल्या अक्षरावर जा. i दाब. # टाईप कर. मग Esc. तिच्या खाली दुसरी एक ओळ असेल, कच्चे थेट पक्केमध्ये ओतणारी, तिच्या पुढच्या # वर जाऊन x दाब, म्हणजे ते निघेल. मग :wq आणि एन्टर. त्या यादीतून बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधू नकोस, भलेभले अडकतात. ती दुसरी ओळ दादानं तशीच ठेवली होती, परत लावता यावी म्हणून. दहा मिनिटांत भोंगा वाजेल. वाजू दे. शाळा सुटायची वाट बघू नकोस.

आता ऐक. गेल्या सप्टेंबरात दादाचा फोन आला. म्हणाला, सात नंबर सहाच्या वर गेलाय, रोज भोंगा, लोक अंगावर येतात, साहेब म्हणतात काहीतरी करा. मी इथे माझ्या खुर्चीत बसले होते, हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं काम संपवायचं होतं. मी म्हटलं, “अरे, बारातला एकच ओरडतोय म्हणजे त्याचीच तब्येत बिघडली. मर्यादा घाल, नंतर सावकाश बघ.” तो म्हणाला, वायर ओली होत असेल का? मी म्हटलं, असेलच. ती ओळही मीच सांगितली, त्यानं टाईप केली. वहिनी, तो डोंगर मी फोटोतसुद्धा नीट बघितलेला नाही.

महिन्यानं पुन्हा फोन. “टिटे, नऊ झालाय. मला गाळणी काढावीशी वाटते.” मी घाईत होते. म्हणाले, “काढलीस तर पुन्हा दगड खाशील. आधी वर जाऊन बघून ये, वायर ओली असेल तर प्रश्नच मिटला.” तो हो म्हणाला. पाऊस आहे, एवढंच बोलला. मी ठेवला. तो त्याचा शेवटचा फोन.

तू साहेबांवर संशय घेतलास, मी तो घेऊ दिला. नोकरी लागल्याचं तुझं पत्र आलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तुला ls शिकवत बसले.

टिटवी


१३ सप्टेंबर

वहिनी,

पेपरात चार ओळी आल्यात. दरड कोसळली, शाळेची इमारत गाडली गेली, रस्ता बंद. किती माणसं, ते दिलेलं नाही. फोन अजून लागत नाही. गाड्या अलीकडच्या गावापर्यंतच जातात असं स्टँडवर सांगितलं, मी दोनदा जाऊन आले.

मला शिव्या दे, पण एक ओळ लिही.


१८ सप्टेंबर

टिटवी,

परवा फोनवर मी फक्त लेकीच्या गाडीची वेळ सांगितली. तू रडायला लागलीस आणि मी ठेवून दिला. आता सगळं लिहिते.

तुझं कुरियर मंगळवारी अकराला आलं. पहिलं पान वाचलं, दुसरं घडी घालून पर्समध्ये ठेवलं. वाचलं असतं तर माझे हात चालले नसते. तू लिहिलंस तसं केलं. ती यादी उघडली, i दाबलं, #, Esc, खालच्या ओळीचं # काढलं. :wq मारताना बोट चुकून दुसरीच अक्षरं पडली, खाली लाल ओळ आली, घामानं कीबोर्ड ओला झाला. पुन्हा मारलं. काही न बोलता पुढची ओळ आली. मग मी खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत राहिले.

सहा मिनिटांनी भोंगा वाजला. वर्षभरानं वाजला तो, आधी घशात काही अडकल्यासारखा घरघरला आणि मग जो ओरडला! साहेब धावत मागच्या खोलीत आले. पहिल्यांदाच आले. “बाई, बंद करा ते! बंद करा!”

मी म्हटलं, “नाही करत.”

“अहो, तुमची नोकरी जाईल. माझीही.”

“जाऊ दे. साहेब, फक्त इथे बसा. पाच मिनिटं बसा.” मी tail -f लावून ठेवलं होतं, सात नंबरच्या ओळी तेवढ्या येत होत्या. अठ्ठावन्न. आम्ही दोघं बघत होतो. दहा मिनिटांनी पुढची ओळ पडली. एकोणसाठ. ते म्हणाले, “हे आत्ताचं?” मी म्हटलं, आत्ताचं. तिसरी ओळ पडली, एकसष्ट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला म्हणाले, “तुमच्या मिस्टरांनी मला एकदा बोलावलं होतं इथे, बघा म्हणून. मी आलो नाही.” आणि उठून त्यांनी स्वतः शाळेला फोन लावला.

पोरं रांगेत बाहेर पडली, गात गात, सुट्टी मिळाली म्हणून. त्यांना बस डेपोत बसवलं, पुढचे दिवस वर्गही तिथेच भरले. संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही. बुधवारी काही नाही. गुरुवारी पालक केंद्रावर आले. एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, “नवरा गेला तशी हिची अक्कलही गेली.” वरच्या ऑफिसातून साहेबांना फोन आला, भोंगा बंद करा, शाळा उघडा, आलेख नीट करा. ते मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “आलेख आत्ताच नीट आहे.” आणि फोन ठेवून दिला. वायरमन टाळ्या वाजवायचाच बाकी होता. सात नंबर तेव्हा अठ्ठ्याऐंशीवर होता. आठ आणि नऊ पाचाच्या पुढे गेले होते.

रस्त्यावरची वाहनं मात्र कोणी अडवेना. ज्यांचं काम ते आले नाहीत. शुक्रवारी सकाळपासून साहेब स्वतः लाल फडका घेऊन वळणावर उभे होते. डबा खायला बोलावलं, तर म्हणाले, “तुम्ही खा, मी येतो.” एक वाजून चाळीस मिनिटांनी सात नंबरची ओळ यायची थांबली. सळईच तुटली होती. मग आवाज आला. खूप मोठा नाही गं. कोणीतरी लांबवर जड कपाट ओढतंय, तसा. मी खिडकीत गेले तर शाळेच्या जागी झाडं उभी होती, मुळांसकट, चालत आल्यासारखी.

दोनशे चौदा पोरं डेपोत होती. एकही कमी नाही. दुधाची एक गाडी वळणावर आली होती, साहेब तिला मागे हटवायला पुढे गेले. गाडीवाला वाचला. साहेब शनिवारी सापडले. त्यांच्या बायकोला मी भेटून आले. नुसती शेजारी बसले. या माणसाला मी चोर ठरवलं होतं.

तुझं दुसरं पान मी रविवारी वाचलं. ह्यांनी वर जायच्या आधी त्या मशीनला एकोणीस वेळा विचारलं, आणि तुला एकदा. मशीन खरं सांगत होतं. मी तुला माफ केलंय का, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, तुला टोचायला लिहीत नाही. कधी वाटतं, त्या वेळी मी तरी काय केलं असतं? मी तर ह्यांना तेव्हा म्हणाले होते, रोजचा तो भोंगा बंद करा बाई एकदाचा, डोकं उठतं.

केंद्र अजून उभं आहे. आता आमच्या वसाहतीच्या मागचा उतार बघायचाय. अकरा नंबर. काल तीन पॉइंट एक, आज सकाळी तीन पॉइंट आठ. वसाहत रिकामी करायला लोक तयार नाहीत. म्हणतात, पडायचं ते पडलं, आता काय. नवीन साहेब सोमवारी येतील. तोवर त्या पडद्यातलं वाचणारं इथे माझ्याशिवाय कोणी नाही. मी राहणार आहे.

हे पत्र लेकीच्याच हाती देतेय. तिचे दोन स्वेटर आणि पुस्तकं बॅगेत आहेत. पहिले दोन दिवस ती फार बोलणार नाही. मग विचारेल, बाबा त्या दिवशी पावसात वर का गेले. मी तिला आजवर पाय घसरला एवढंच सांगितलंय. तिला खरं सांग, टिटवी. माझं, तुझं, साहेबांचं, सगळं. तू सांगितलेलं तिला पटेल.

तुझी वहिनी